सावकाराच्या नावावर गेलेलं वावर परत मागायचं असेल तर: अर्जापासून ताब्यापर्यंत

खरेदीखतावर सही झाली, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो आणि अंगठा झाला, सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं की वावर गेलं, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. सावकारही तसंच सांगतो, आणि गावातले जाणते म्हणवणारेही. पण महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा वेगळं सांगतो. नावावर झालेली 'खरेदी' खरोखर विक्री होती, की व्याजी पैशाचं तारण म्हणून जमीन लिहून घेतली होती, हे तपासायचा अधिकार या कायद्याच्या कलम १८ ने जिल्हा उपनिबंधकाला (सावकारीच्या कामात त्यांनाच जिल्हा निबंधक म्हणतात) दिला आहे. व्यवहार सावकारीचा आहे अशी त्यांची खात्री पटली, तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेश करू शकतात.

दोन-चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी-तुरीवर घर, मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला काढलेले लाख-दीड लाख, आणि त्यापायी लिहून दिलेलं वावर. हा लेख अशा घरांसाठी आहे. अर्ज करायला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते. आणि अर्जाच्या आधी पुरावा गोळा करावा लागतो. बहुतेक प्रकरणं तिथेच हरतात, म्हणून मी त्या भागावर जास्त बोलणार आहे.

आधी कर्ज कोणाचं आहे ते पाहा

बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, गावची सोसायटी, फायनान्स कंपनी, बचत गटाच्या नावाने कर्ज देणारी मायक्रोफायनान्स कंपनी, या कोणालाही सावकारी कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी वाटा वेगळ्या आहेत. बँकेकडे एकरकमी तडजोडीचा लेखी अर्ज करता येतो किंवा लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून आकडा पूर्ण समजल्याशिवाय तिथे सही करू नका. तडजोडीची रक्कम भरली की थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या. लोक पैसे भरतात, पण हे करायचं राहून जातं, आणि पुढच्या पिढीला तो बोजा निस्तरावा लागतो. सरफेसी या बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँकेला शेतजमीन जप्त करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्रास झाल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

२०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफ्या बँका आणि सोसायट्यांच्या कर्जासाठी होत्या. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातलं सावकारी कर्ज शासनाने फेडलं, पण तेही परवानाधारक सावकारांचंच. विनापरवाना सावकाराचं कर्ज कोणत्याच यादीत येत नाही. त्यामुळे पुढची कर्जमाफी येईल आणि आपली सुटका होईल, या आशेवर सावकाराच्या बाबतीत एक दिवसही घालवू नका.

दिवाळखोरीबद्दलही काही जण विचारतात. २०१६ च्या केंद्रीय दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी 'नवी सुरुवात' नावाची तरतूद आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत आणि कर्ज ३५ हजारांपर्यंत असेल, तर कर्ज माफ करायची प्रक्रिया तिथे लिहिलेली आहे. पण तो भाग सामान्य माणसासाठी अजून लागूच केलेला नाही. ते करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

सोयऱ्याकडून बिनव्याजी घेतलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे. कृषी केंद्राची बियाणं-खताची उधारीही दुकानाच्या नेहमीच्या व्यवहारात असेल तर साधारणपणे या कायद्यात बसत नाही. मात्र तोच दुकानदार वेगळी रोकड व्याजाने देत असेल आणि त्यापायी वावर लिहून घेत असेल, तर तो सावकारच.

व्याजाचा हिशेब मांडून घ्या

कागद गोळा करण्याआधी एका पानावर हिशेब लिहा. शेतकऱ्याला दिलेल्या तारणी कर्जावर सावकाराला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के इतकंच व्याज घेता येतं, असे दर शासनाने २०१४ मध्ये ठरवले. हे परवाना असलेल्या सावकाराचे दर आहेत. परवाना नसेल तर त्याचा धंदाच गुन्हा आहे. चक्रवाढ व्याज लावायला मनाई आहे, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. दामदुपटीचा जुना नियम कायद्यात तसाच ठेवला आहे.

आता गावातला दर पाहा. शेकडा ५ रुपये महिना म्हणजे १ लाखावर महिन्याला ५ हजार, वर्षाला ६० हजार. कायद्याने तारणी कर्जावर वर्षाचे ९ हजार होतात. दोन वर्षं नियमाने व्याज भरलेल्या माणसाने १ लाख २० हजार दिलेले असतात. म्हणजे दामदुपटीची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, तरी त्याचं मुद्दल जसंच्या तसं उभं आणि वावरही दुसऱ्याच्या नावावर. हे पान अर्जाला जोडायचं आहे. पैसे घेतल्याची तारीख, रक्कम, दर, कधी किती दिले, कसे दिले, कोणासमोर दिले हे सगळं त्यात यावं. आठवत नसेल तर 'अंदाजे' असं स्पष्ट लिहा. खोटी तारीख लिहून चौकशीत सापडलात तर खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पंधरा वर्षांची मुदत

अर्ज कार्यालयात दाखल होईल त्या दिवसापासून मागे १५ वर्षांच्या आत जमीन सावकाराकडे गेलेली असली पाहिजे. विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल, कोणत्याही नावाने गेलेली चालते. खरेदीखताची तारीख पाहा. चौदावं वर्ष चालू असेल तर सगळे कागद जमायची वाट न बघता अर्ज आधी दाखल करा आणि पुरावे नंतर जोडा.

कर्ज घेणारा हयात नसेल तर वारस अर्ज करू शकतात. विदर्भात हे फार वेळा लागतं. माणूस गेल्यावर घरच्यांना कळतं की वावर आधीच लिहून दिलेलं होतं. अशा वेळी मृत्यू दाखला आणि वारसाची नोंद जोडून पत्नीच्या किंवा मुलांच्या नावाने अर्ज करावा.

जमीन आदिवासी शेतकऱ्याची असेल आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर गेली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ खाली आणि १९७४ च्या आदिवासी जमीन प्रत्यार्पण कायद्याखाली वेगळी वाट आहे. मेळघाट, झरी जामणी, गडचिरोलीकडच्या वाचकांनी आधी तहसील कार्यालयात तिची चौकशी करावी. तिथे सावकारी सिद्ध करायची गरजच पडत नाही.

पुरावा

सावकार म्हणणार, 'मी बाजारभावाने जमीन विकत घेतली, पैसे दिले, हे घ्या नोंदलेलं खरेदीखत.' तुमचं म्हणणं खरं असलं तरी अधिकाऱ्यासमोर एक नोंदणीकृत दस्त आणि एक तोंडी हकीकत, असा सामना होतो. दस्ताच्या विरोधात उभं राहायला तुमच्याकडेही कागद हवेत, आणि ते सरकारी दप्तरात असतात.

पहिला कागद खरेदीखताची प्रमाणित नक्कल आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. दोन्ही दुय्यम निबंधक कार्यालयात मिळतात. त्यात लिहिलेली किंमत पाहा आणि त्या वर्षीचा त्या गावचा रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाने ठरवलेला जमिनीचा दर काढा. चार एकर ओलिताचं वावर १ लाखात गेलेलं दिसत असेल, तर ती किंमत म्हणजे तुमच्या कर्जाचा आकडा आहे, हे दाखवता येतं. खरी विक्री इतक्या कमी भावात का होईल, याचं उत्तर मग सावकाराला द्यावं लागतं.

दुसरा सातबारा. खरेदीच्या आधीची काही वर्षं आणि नंतरची सगळी वर्षं. मालकाच्या रकान्याइतकंच पीकपाहणीच्या नोंदीकडे लक्ष द्या. खरेदी झाल्यावरही तुम्हीच पेरणी करत होतात, ताबा तुमच्याकडेच होता, हे निघालं तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. ज्याने खरंच जमीन विकली तो पुढची पाच वर्षं तिथे सोयाबीन कशाला पेरेल? ताबा दाखवणाऱ्या बाकीच्या गोष्टीही शोधा: पीकविम्याच्या पावत्या, विहिरीवरच्या मोटरपंपाचं वीजबिल, जिनिंगला कापूस दिल्याच्या किंवा बाजार समितीतल्या काटापट्ट्या. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याचा जबाब इथे सगळ्यात मोलाचा.

तिसरा पुरावा हा माणूस सावकारीच करतो, हे दाखवणारा. हा लोक आणतच नाहीत. आणि 'सावकारी व्यवहार सिद्ध होत नाही, हा दिवाणी वाद आहे' असं म्हणून अर्ज फेटाळला जातो तो याच्यावाचून. सावकाराच्या आणि त्याच्या घरच्यांच्या नावावर आसपासच्या गावांत किती खरेद्या झाल्या, ते सूची क्रमांक दोनवरून काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही शोधता येतं, गावातल्या शिकलेल्या पोराला सोबत घ्या. शेती न कसणाऱ्या माणसाच्या नावावर पाच गावांत पंधरा तुकडे निघाले, काही पुन्हा मूळ मालकालाच उलट विकलेले निघाले, तर तो नमुना खूप काही बोलतो. ज्यांची वावरं गेली त्या लोकांना भेटा. प्रत्येकाने वेगळा अर्ज करावा आणि एकमेकांचे साक्षीदार व्हावं. एकट्या माणसाला दाबणं सोपं असतं, सहा जणांना तितकं सोपं नसतं.

सावकाराला परवाना आहे का, असला तर कोणत्या क्षेत्राचा, हे सहायक निबंधकाच्या कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. कर्ज दिलं त्या दिवशी परवाना होता का, हा प्रश्न नेमका विचारा, आज आहे का एवढंच विचारू नका.

मग राहिले तुमच्या हातातले पुरावे. फोनवरून पाठवलेले पैसे, बँकेचं पासबुक, व्हॉट्सॲपवरचे निरोप, व्याज मिळाल्याची चिठ्ठी, डायरीचं पान, परतखरेदीचा साध्या कागदावरचा करार, इसारचिठ्ठी. मूळ कागद कोणालाही देऊ नका, दलालाला तर नाहीच. झेरॉक्स द्या आणि मूळ कागद सुनावणीला दाखवा. फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड झालेलं असेल तर ते मूळ फोनमध्ये तसंच ठेवा आणि दुसरीकडेही उतरवून ठेवा. कोरा मुद्रांक, कोरे धनादेश दिलेले असतील तर त्यांचे क्रमांक आठवून लिहा. धनादेश पुस्तकाच्या अर्धुकावर ते सापडतात. रक्कम न लिहिलेला कोरा कागद सही करून घेणं परवानाधारक सावकारालाही मना आहे.

अर्ज कसा लिहायचा

तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांचं कार्यालय असतं. अर्ज जिल्हा निबंधकांच्या नावाने करायचा आणि तालुक्याच्या कार्यालयात किंवा थेट जिल्ह्याला द्यायचा. वकील लागतोच असं नाही. भाषा साधी ठेवा. नमुना असा:

प्रति,
मा. जिल्हा निबंधक (सावकारी) तथा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, जिल्हा ……
मार्फत: सहायक निबंधक, सहकारी संस्था, तालुका ……

विषय: महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे स्थावर मालमत्ता परत मिळणेबाबत.

मी, अर्जदार, मौजा …… येथील गट क्रमांक ……, क्षेत्र …… हेक्टर या शेतजमिनीचा मूळ मालक आहे. दिनांक …… रोजी मी गैरअर्जदार …… यांच्याकडून …… कारणासाठी रुपये …… दरमहा शेकडा …… व्याजाने घेतले. तारण म्हणून त्यांनी सदर जमिनीचे दस्त क्रमांक ……, दिनांक …… चे खरेदीखत लिहून घेतले. पैसे परत केल्यावर जमीन पुन्हा माझ्या नावावर करून देण्याचे ठरले होते. आजपर्यंत मी रुपये …… दिले आहेत (हिशेब सोबत). जमिनीचा ताबा …… यांच्याकडे आहे. सदर व्यवहार विक्रीचा नसून सावकारीचा आहे. तरी चौकशी करून खरेदीखत अवैध घोषित करावे व जमीन मला परत करण्याचा आदेश व्हावा.

खाली जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी, साक्षीदारांची नावं-गावं, सही, तारीख. जमीन सावकाराने पुढे तिसऱ्याला विकली असेल तर त्याचंही नाव गैरअर्जदारांत घाला.

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. 'ठेवून जा, पाहतो' असं कोणी म्हटलं तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. त्या तारखेवर तुमची १५ वर्षांची मुदत मोजली जाणार आहे.

खरेदी नुकतीच झाली असेल आणि फेरफार मंजूर व्हायचा असेल, तर तलाठ्याकडे लेखी हरकतही घ्या. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला १५ दिवस असतात. हरकत घेतली की प्रकरण वादातली नोंद म्हणून वर जातं, आणि सावकाराला जमीन घाईने पुढे विकणं अवघड होतं.

वकील हवा असेल आणि ऐपत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असावं लागतं, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

चौकशी आणि सुनावणी

अर्जावर जिल्हा निबंधक स्वतः किंवा चौकशी अधिकारी नेमून चौकशी करतात. बहुधा तालुक्याचे सहायक निबंधकच चौकशी करतात. सावकाराला नोटीस जाते, आणि म्हणणं मांडायला त्याला १५ दिवस मिळतात. मग जबाब, कागदांची तपासणी, उलटतपासणी. कधी सावकाराच्या घरावर-दुकानावर धाड पडते. तिथे दुसऱ्यांच्या नावाचे कोरे मुद्रांक, धनादेश, खरेदीखतं सापडली, तर त्या पंचनाम्याची नक्कल तुमच्याही प्रकरणात मागून घ्या.

तारखेला जाच. कापूस वेचणी ऐन भरात असली, मजूर मिळत नसले, तरी जा. दोन-तीन तारखा चुकल्या की अर्जदार गैरहजर म्हणून प्रकरण निकाली निघू शकतं, आणि सावकार त्याचीच वाट पाहत असतो. प्रत्येक तारखेला काय झालं ते वहीत लिहा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. जबाब वाचून घेतल्याशिवाय, किंवा वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून वाचवून घेतल्याशिवाय सही करू नका. 'पैसे घेतले होते' आणि 'जमिनीचे पैसे घेतले होते' या दोन वाक्यांत तुमचं वावर आहे.

या काळात तीन प्रकारचा दबाव येतो. पहिला तडजोडीचा: 'अर्ज मागे घे, पुढच्या महिन्यात नावावर करून देतो.' त्याला सांगा, आधी उलट खरेदी नोंदव, मग मी मागे घेतो. दुसरा धनादेशाचा: जवळ असलेला कोरा धनादेश भरून तो बँकेत लावतो आणि वकिलाची नोटीस पाठवतो. ती नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या आणि सावकारीचा अर्ज दाखल असल्याचं त्यात लिहा. नोटीस न घेता परत पाठवणं फार महागात पडतं. तिसरा दबाव धमकीचा. कर्जासाठी माणसाचा छळ करणं या कायद्यात वेगळा गुन्हा आहे. विनापरवाना सावकारीला कलम ३९ प्रमाणे ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत सहायक निबंधकांनाही द्या. दोन्ही कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तर एकच तक्रार पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा.

घरातला माणूस गप्प गप्प झाला असेल, झोपत नसेल, सारखा हिशेबच करत बसत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. फवारणीची औषधं घरातून हलवा. वावर परत मागायची वाट अजून उघडी आहे, हे त्याला घरच्यांनीच समजावून सांगावं लागतं, आणि कागद घेऊन कार्यालयात जायचं काम काही दिवस दुसऱ्या कोणी उचलावं.

आदेश, अपील आणि ताबा

आदेश कोणत्याही बाजूने लागला तरी प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा. विरोधात गेला तर एका महिन्याच्या आत विभागीय सहनिबंधकांकडे अपील करता येतं. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ यांचं अमरावतीला, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यांचं नागपूरला. अर्ज कोणत्या कारणाने फेटाळला ते परिच्छेद पाहून त्यांनाच उत्तर द्या, पहिली हकीकत पुन्हा लिहू नका. त्यानंतर वाट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची. तिथे वकील लागेल, आणि विधी सेवा समितीची मदत तिथेही मिळते.

आदेश तुमच्या बाजूने लागला तर सावकारही याच वाटांनी जाईल. त्याला वरून स्थगिती मिळण्याआधी तुमची पावलं पडली पाहिजेत. आदेशाची प्रमाणित प्रत तलाठ्याकडे द्या आणि फेरफाराचा अर्ज करून पोच घ्या. जिल्हा निबंधकाचा आदेश महसुली दप्तरात नोंद घ्यायला पुरेसा असतो, 'नवीन खरेदीखत आणा' असं कोणी म्हटलं तर ते मान्य करू नका. सावकार अपिलात किंवा उच्च न्यायालयात जाईल असं वाटत असेल, तर वकिलाकडून तिथे कॅव्हेट दाखल करता येईल का ते विचारून घ्या, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणं अवघड होतं.

ताबा सावकाराकडे असेल तर कार्यालयाला ताबा देण्याची तारीख लेखी मागा आणि त्या दिवशी पंच, शेजारी आणि शक्य असेल तर पोलीस बंदोबस्त असू द्या. उभं पीक असेल तर त्याचं काय करायचं ते पंचनाम्यात लिहून घ्या, नाहीतर सोंगणीच्या दिवशी नवीन भांडण उभं राहतं. पंचनाम्यात गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा बरोबर उतरल्या आहेत का ते तपासा. नाव चढलेला नवीन सातबारा काढा आणि येणाऱ्या हंगामाची ई-पीक पाहणी स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या नावाने नोंदवा.